सहा किलो उकडा तांदूळ

"अप्पा, अजून कोठे आहे ते आत्ताच सांगा," मी म्हणाले.

"झाले बाई. एवढेच."

कस्टमच्या माणसाने अप्पांची उशी उचलली. दाबून बघितली. मग कात्री घेतली आणि शिवण उसवली. कापूस बाहेर आला आणि कापसाच्या मागून तांदूळ. घळघळ करून स्टीलच्या टेबलावर पसरला. काही दाणे जमिनीवर पडले. अप्पा ते वेचायला खाली वाकले, तसा तो माणूस ओरडला. काय ओरडला ते कळले नाही, पण अप्पा सरळ उभे राहिले.

मी तर गारच पडले. बावीस वर्षे मी या धंद्यात आहे. माझ्याबरोबर आलेल्या गिऱ्हाइकाच्या उशीतून कस्टमवाल्यांनी तांदूळ काढावा, आणि मी शेजारी पासपोर्ट धरून उभी असावे, हे मी स्वप्नातही बघितले नव्हते.

आधी मी काय काम करते ते सांगते. मी तंजावूरची. तांदळाच्या गिरण्यांना लागणारी यंत्रे तपासून देणे हा माझा व्यवसाय. गिरणीवाला यंत्र मागवतो, पण ते निघायच्या आधी फॅक्टरीत जाऊन कोणीतरी बघायला हवे की सांगितले तेच बनवले आहे का. ना विकणाऱ्याचे, ना घेणाऱ्याचे, असे तिसरे माणूस. त्याला थर्ड पार्टी इन्स्पेक्शन म्हणतात. मी बघते, रिपोर्टवर सही करते, मग यंत्र जहाजात चढते. माझी सही नसेल तर चढत नाही.

आमच्या घरात अजून मराठी बोलतात, पण वाचणारे थोडेच. मला शाळेत हिंदी होती म्हणून ही लिपी येते. माझी भाषा कोणाला जुनी वाटली तर वाटो, आमच्याकडे अशीच आहे.

अप्पा म्हणजे माधवराव. तंजावूरजवळ पापनाशमला त्यांची गिरणी आहे. वय अडुसष्ट. तेही आमच्यातलेच, तंजावूरकडच्या मराठी घरातले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची गिरणी उकड्या तांदळाची. भात, म्हणजे सालीसकट दाणा, आधी भिजवायचे, मग वाफ द्यायची, वाळवायचे आणि मग सडायचे, म्हणजे साल काढायची. तो उकडा तांदूळ. रंगाला पिवळसर असतो. आमच्या मुलखात इडलीला तोच, रोजच्या जेवणालाही बहुतेक घरांत तोच.

गेल्या वर्षी अप्पांचा माल दोनदा परत आला. काळे दाणे सापडतात म्हणून. आजकाल दुकानदारांना एक काळा दाणा दिसला की पोते परत. काळे दाणे काढायला कलर सॉर्टर नावाचे यंत्र असते. तांदूळ वरून घसरत येतो, कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग बघतात, आणि रंग बिघडलेला दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला उडवून दुसऱ्या तोंडातून बाहेर टाकतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. असे यंत्र अप्पांनी चीनहून मागवले होते. मुलगा म्हणाला होता, हे जमले नाही तर गिरणी बंद करू, जागेवर लग्नाचा हॉल बांधू. अप्पांनी त्याला एक वर्षाची मुदत मागून घेतली होती. म्हणून ते स्वतः यायला निघाले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास.

ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ट्रायल म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वतःचा तांदूळ यंत्रात घालून बघणे. दुसऱ्याचा तांदूळ चालत नाही. पांढऱ्या तांदळावर यंत्र उत्तम चालेल, तेच उकड्यावर आंधळे होईल. म्हणून पन्नास किलो तांदूळ आम्ही तीन आठवडे आधी सगळ्या कागदांसकट कुरिअरने पाठवला होता. कुरिअरच्या पानावर 'डिलिव्हर्ड' असे हिरव्या अक्षरात आले होते. ते मी स्वतः बघितले होते आणि अप्पांना दाखवले होते.

मग उशीत तांदूळ कशाला?

त्याची सुरुवात तिरुचीच्या विमानतळावर झाली. सिक्युरिटीत अप्पांच्या हातातल्या पिशवीतून पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी निघाली. वीतभर लांब, पुढे टोकदार. शिपायाने ती वर धरली. सगळी रांग बघायला लागली.

"हे काय आहे?"

"तांदूळ बघायचे आहे, तंबी," अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "चाळीस वर्षे माझ्या खिशात असते."

"विमानात कोणाला भोसकणार आहात का?"

"अय्यो, पोत्याला."

नळी गेली. अप्पांनी तोंड एवढेसे केले. मी म्हणाले, फॅक्टरीत नळ्यांची काय कमी आहे, चला. खरे तर मला तेव्हाच ओळखायला हवे होते. नळी घेऊन निघालेला माणूस नुसती नळी कशाला घेईल?

सिंगापूरला विमान बदलले. रात्र खुर्चीत काढली. सकाळी विमान उतरायला लागले तेव्हा समोरच्या पडद्यावर सूचना आली. फळे, बिया, मांस, धान्य आणू नये. आणले असेल तर सांगावे. मी वेळ जावा म्हणून ती अप्पांना मराठीत वाचून दाखवली.

अप्पा म्हणाले, "धान्य म्हणजे तांदूळसुद्धा?"

"तांदूळसुद्धा. का?"

"सहज विचारले."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसते ढग होते.

"अप्पा."

"सहा किलो आहे," ते म्हणाले.

 सहा किलो! गिरणीतला, त्यांच्या हाताने पोत्यातून काढलेला, काळे दाणे मुद्दाम जास्त असलेला. कॉफीच्या डब्यात, पायमोज्यांत, धोतराच्या घड्यांत. मी विचारले, आपला पन्नास किलो पोचलेला असताना हे कशाला? तर म्हणाले, "नमुना आपल्या हातून सुटला की आपला नव्हे, बाई. गिरणीतला पहिला नियम." हा नियम खराच आहे. आमच्याकडचे जुने गिरणीवाले दुसऱ्याने काढलेल्या नमुन्याला हात लावत नाहीत.

पण नियम पापनाशमला ठीक. येथे परदेश होता. मी ठरवले की सांगून टाकायचे. अप्पा म्हणाले, "कोण बघतो? हिरव्या बाजूने जाऊ." मी म्हणाले, "मी सहीवर पोट भरते अप्पा, लपवाछपवी मला जमणार नाही." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितले. मग म्हणाले, "सरी. तुम्ही म्हणाल तसे."

तर असे आम्ही आपल्या पायांनी लाल बाजूला, म्हणजे सामान सांगणाऱ्यांच्या रांगेला, गेलो. अप्पांनी तीन जागा सांगितल्या. उशी सांगितली नाही. म्हणून तो माणूस चिडला.

पुढचे तीन तास त्यांनी एकेक गोष्ट उलटी केली. पोडीचा, म्हणजे इडलीबरोबरच्या कोरड्या चटणीचा, डबा हुंगला. माझ्या बॅगेतली विभूतीची पुडी उघडली आणि पांढरी पूड बघून चौघे जमले. मी कपाळाला लावून दाखवली. एकाने फोटो काढला. मी म्हणाले, तांदळाचे कागद आहेत, कुरिअरचे आहेत, दाखवते. फोन काढला तर ईमेल उघडेना. नेहमीची अॅप चीनमध्ये उघडत नाहीत हे मला ठाऊक होते. पण प्रिंट काढून ठेवायची अक्कल सुचली नव्हती. बावीस वर्षे लोकांना 'कागद हातात ठेवा' म्हणून सांगणारी मी!

शेवटी त्या माणसाने मोबाइलमध्ये काहीतरी बोलून आमच्यापुढे धरला. मोबाइल इंग्रजीत बोलला: तुम्ही स्वतः सांगितले म्हणून दंड नाही. धान्य नष्ट होईल.

त्याने पिवळा डबा ओढला आणि सगळा तांदूळ त्यात लोटला. पायमोजेही लोटले.

अप्पांनी हात जोडले. त्या माणसाला नव्हे, डब्याला. आमच्याकडे तांदळाला पाय लागला तरी डोळ्याला हात लावतात. ते हळूच म्हणाले, "टाकतात हो, बाई." मला इतके वाईट वाटले की त्यांच्याकडे बघवेना. पण आत कोठेतरी मी स्वतःवर खूशही होते. खरे बोललो, सुटलो. दंड नाही, भानगड नाही. पन्नास किलो फॅक्टरीत वाट बघतोय. काय बिघडले?

बाहेर कंपनीची मुलगी पाटी घेऊन उभी होती. तीन तास उभी होती बिचारी. नाव लिली सांगितले. खरे नाव वेगळे होते, पण परदेशी लोकांसाठी लिली. इंग्रजी चांगले बोलायची. कंपनीचे आणि शहराचे नाव मी येथे लिहीत नाही.

गाडीत बसल्यावर मी तिला झाला प्रकार सांगितला. ती हसली. म्हणाली, "ओह, तुमचा दुसरा तांदूळही?"

"दुसरा म्हणजे?"

"पहिला आला नाही ना, मॅडम. क्वारंटाइनमध्ये थांबवला. नष्ट केला."

मला वाटले तिचे इंग्रजी चुकतेय. मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, शांतपणे, पाऊस पडला होता म्हणावे तसे.

"पण डिलिव्हर्ड लिहिले होते!"

"हो. क्वारंटाइन ऑफिसला डिलिव्हर्ड."

"मग आम्हाला कोणी सांगितले का नाही?"

"तुमच्या एजंटला सांगितले. ते म्हणाले, नो प्रॉब्लेम, राइस इज राइस."

एजंट म्हणजे मधला माणूस, ज्याच्यामार्फत अप्पांनी यंत्र मागवले होते. राइस इज राइस!   म्हणजे या अख्ख्या देशात आमच्या गिरणीचा तांदूळ फक्त सहा किलो होता, आणि तो मी अर्ध्या तासापूर्वी स्वतःहून सांगून डब्यात घालायला लावला होता.

अप्पांना इंग्रजी कामापुरते येते. त्यांना 'डिलिव्हर्ड' कळले असावे. त्यांनी विचारले, "काय म्हणते ती?"

मी सांगितले. मला वाटले आता ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते नुसते म्हणाले, "मग उद्या काय बघायचे?"



फॅक्टरीत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सेल्स मॅनेजर दारात आला. त्याला सगळे मिस्टर शू म्हणत. हसतमुख माणूस. चहा दिला. मग एक फाइल पुढे केली. "मॅडम, तुम्ही थकलात. हे वाचून ठेवा. उद्या वेळ वाचेल."

फाइल उघडली. ट्रायल रिपोर्ट होता. उद्याची तारीख. 'सॅम्पल: गिऱ्हाइकाकडून आलेला उकडा तांदूळ, चांगल्या स्थितीत मिळाला.' पुढे आकडे. किती टक्के शुद्ध निघाला, किती चांगले दाणे चुकून बाहेर गेले. सगळे भरलेले. खाली माझे नाव छापलेले आणि सहीपुरती जागा रिकामी.

उद्याच्या परीक्षेचा निकाल आज! मी ते पान तीनदा वाचले. 

"मिस्टर शू, ही ट्रायल झाली कधी?"

"उद्या होईल."

"मग आकडे कोठून आले?"

"मॅडम, हे मॉडेल आम्ही खूप विकतो. आकडे नेहमी हेच येतात."

"आणि तांदूळ? हा लिहिलेला तांदूळ कोठे आहे?"

त्याने लिलीकडे बघितले. लिलीने जमिनीकडे. मग तो म्हणाला, "आमच्याकडे फार छान पांढरा तांदूळ आहे. त्याच्यावर दाखवू. परवा जहाजाचे बुकिंग आहे. पेटीसुद्धा तयार आहे."

खिडकीतून दिसत होते. यंत्राच्या तीन बाजूंना लाकडी फळ्या ठोकून झाल्या होत्या.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"मग मॅडम, यंत्र जाणार नाही. पुढचा नंबर चार महिन्यांनी."

चार महिने म्हणजे अप्पांची मुलाकडून घेतलेली मुदत संपणार. म्हणजे गिरणी गेली. सही करावी तर डोळे झाकून, न करावी तर अप्पा बुडाले. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. आणि या विहिरीपाशी त्यांना आणले होते मीच.

 अप्पांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मला मराठीत विचारले, "बाई, यांच्यापाशी भात आहे का?"

"जेवणाचे मग बघू, अप्पा."

"जेवणाचे नव्हे हो! सालीसकट भात. यंत्रे बनवतात, तर परीक्षेला भात ठेवत असतील की. लांब दाण्याचे पाहिजे."

मी लिलीला विचारले. होते. सडण्याची यंत्रेही ते बनवायचे, म्हणून टेस्टिंगच्या गोदामात भाताची पोती होती. अप्पा गेले, मूठभर घेतले, दोन दाणे दातांखाली चावले.

"चालेल. आपले नव्हे, पण चालेल. आता गरम पाणी आणि वाफ कोठे मिळेल ते विचारा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांदूळ नाही तर नाही. उकडा तांदूळ झाडाला लागत नाही, तो करावा लागतो. आणि करणारा माणूस माझ्याबरोबर होता.

वाफ होती कॅन्टीनमध्ये. सातशे कामगारांचे जेवण तिथे शिजायचे. पाव वाफवायची मोठी स्टीलची कपाटे होती, आत जाळीच्या थाळ्या. कॅन्टीनची मुख्य बाई पन्नाशीची होती, हात कमरेवर ठेवून उभी. सालीसकट भात थाळ्यांत घालणार हे ऐकल्यावर तिने लिलीला जे सुनावले ते लिलीने भाषांतर केलेच नाही. नुसते म्हणाली, "ती विचारते, तुम्ही कोंबड्यांना जेवण करताय का?"

"सांग तिला," अप्पा म्हणाले, "आमच्या गावात माणसे खातात."

मिस्टर शू मध्ये पडला. त्याला वाटले असावे, म्हातारा खेळेल, थकेल, मग बाई सही करेल. त्याने परवानगी दिली.

तीस किलो भात आम्ही सूप करायच्या दोन पातेल्यांत भिजत घातले. पाणी असे गरम की बोट घालवत नाही पण उकळतही नाही. अप्पांनी थर्मामीटर मागितला नाही. दर वीस मिनिटांनी बोट बुडवायचे आणि म्हणायचे, थोडा आणखी जाळ. मी चोरून माझा थर्मामीटर घालून बघितला. सत्तरला दोन कमी. बरोबर हवे तेवढे. मी लाजले.

पाच तास भिजवणे झाले. मग वाफ. साल फुटायला लागली तसा तो वास सुटला. ओल्या गोणपाटाचा, गोडसर, थोडा कुजका. पापनाशमला हा वास हवेतच असतो, कोणाच्या ध्यानातही येत नाही. चिनी कामगार नाकाला हात लावून पळाले. कॅन्टीनच्या बाईने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. मी रडले. खरेच रडले. सकाळपासूनचे सगळे त्या वासाने बाहेर काढले.

अप्पा नखाने दाणा फोडून बघत होते. दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका राहिला तर वाफ कमी. "अजून पोट पांढरे आहे," म्हणाले. दोन मिनिटांनी पुन्हा. ती बाई जवळ आली. तिनेही एक दाणा उचलला, नखाने फोडला, बघितले आणि मान हलवली. झाले नाही. अप्पांनीही मान हलवली. त्यानंतर दोघे मिळून बघत होते, भाषेशिवाय. ठिपका गेला तेव्हा तिनेच वाफ बंद केली.

संध्याकाळी सहाला ते भात टेस्टिंगच्या ड्रायरमध्ये पसरले. पहिला दिवस असा गेला. दुपारचे जेवण म्हणजे पोडी आणि वाफवलेला पाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी भात सडायच्या यंत्रातून काढले, पांढऱ्याचा पिवळा झालेला तांदूळ समोर आला. रंग हुबेहूब आमचा. काळे दाणे वेगळे शोधायला नको होते. अप्पांनी शेवटची थाळी जास्त वाफवून ते तयार ठेवले होते. मिस्टर शूने यंत्राच्या फळ्या काढून घेतल्या. लिलीने बटण दाबले.

तांदूळ वरून सुटला आणि हवेचे झोत सुरू झाले. एरवी अधूनमधून टिक टिक असा आवाज येतो. येथे माहेरी आलेल्या चार बहिणी एकदम बोलाव्या तसा कल्ला. यंत्राला प्रत्येक दाणा बिघडलेला वाटत होता. चांगल्या मालाच्या तोंडाखाली मूठभर तांदूळ. टाकाऊ मालाच्या तोंडाखाली ढीग.

 मिस्टर शूचे हसू गेले. त्यांचा इंजिनिअर धावत आला, झाकण उघडले, आत बघितले. मग लिलीने हळू आवाजात सांगितले: यात पांढऱ्या तांदळाचे दिवे आणि प्रोग्राम आहेत. उकड्याचे वेगळे असतात. ऑर्डरमध्ये एजंटने तसे लिहिलेच नव्हते.

हे यंत्र पापनाशमला गेले असते. माझ्या सहीने.

तो छापलेला रिपोर्ट मी सगळ्यांसमोर फाडला. मिस्टर शूने एकदाही हरकत घेतली नाही. दिवे बदलायला, प्रोग्राम घालायला आणि पुन्हा चालवायला तीन दिवस लागले. जहाज एक आठवडा पुढे गेले, चार महिने नव्हे. शेवटच्या ट्रायलमध्ये काळे दाणे बाहेर, चांगले आत. आकडे मी माझ्या पेनाने लिहिले.

पण मला सांगायचे आहे ते पहिल्या ट्रायलनंतरचे. यंत्र बंद केले होते. अप्पा टाकाऊ ढिगाजवळ बसून दाणे बोटांतून सोडत होते. मी म्हणाले, "असे होईल असे मला वाटले नव्हते."

"ओरत्तनाडूलाही असेच पडत होते," ते म्हणाले.

"ओरत्तनाडूला कोठे?"

"सेल्वमच्या गिरणीत. दोन वर्षे झाली. यंत्र आता ताडपत्रीखाली आहे. ऑर्डर देण्याआधी मी बघून आलो. याच कंपनीचे. माझ्या पैशात दुसऱ्या कोणाचे बसेना."

सेल्वमची गिरणी मला ठाऊक होती. तिचा रिपोर्ट माझाच. त्या वेळी साथीमुळे प्रवास बंद होते. मी तंजावुरात खुर्चीवर बसून व्हिडिओ कॉलवर ट्रायल बघितली होती. पडद्यावर तांदूळ पिवळा दिसत होता. दिव्याने दिसतोय की मुळात आहे, असा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला नाही. सही केली. पुढे सेल्वमने दोनदा फोन केला, दाणे वाया जातात म्हणून, तेव्हा मी त्याला काच पुसायला सांगितले होते.

"रिपोर्ट त्याने फ्रेम करून लावलाय," अप्पा म्हणाले. "लक्ष्मीच्या फोटोखाली. त्यावर तुमची सही बघितली मी."

 कोणी थोबाडीत मारावी तसे झाले. मी विचारले, "मग अप्पा, सगळे ठाऊक असून मलाच का आणलेत?"

"या खेपेस तुम्ही स्वतः येणार म्हणालात म्हणून. डोळ्यांदेखत बघून खोटी सही करणारी बाई तुम्ही नव्हे, हे मज ठाऊक होते." त्यांनी हातातले दाणे ढिगावर टाकले. "पण बघायला समोर आपला तांदूळ तर पाहिजे की. म्हणून सहा किलो."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ओरत्तनाडूची बस धरली. सेल्वमने खुर्ची दिली, कॉफी दिली. मी त्याला सांगितले की तो रिपोर्ट खोटा आहे, मी तांदूळ हातात घेतला नव्हता, चूक त्याच्या काचेची नव्हती.  त्याने उठून फ्रेम उतरवली आणि माझ्या हातात दिली.  मी तसेच कंपनीला लिहून पाठवले, माझ्या चुकीसकट. चार महिन्यांनी त्याचे दिवे बदलून आले. त्याने मला बोलावले नाही. दुसऱ्या इन्स्पेक्टरला बोलावले.

आता मी व्हिडिओवर सही करत नाही. दाणा हातात येईपर्यंत पेन उघडत नाही. माझी कामे निम्मी झाली आहेत.